उभ्याने कॉन्सर्ट बघायचीय आणि पाय दुखतात? मग पायात काय घालाल?

जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईतल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. तिकिटांसाठी ऑनलाइन झुंबड उडाली होती. त्यात 'स्टँडिंग' नावाचं एक तिकीट होतं. म्हणजे मंचासमोरच्या मोकळ्या मैदानात जागा, पण खुर्ची नाही. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून होणारा लोलापलूझा असो की पुण्या-मुंबईतले दिलजीत दोसांझचे कार्यक्रम, तरुण प्रेक्षक सगळ्यात आधी शोधतो ते हेच तिकीट. गायक जवळून दिसतो, नाचायला जागा मिळते.

अडचण पायांची होते. मुख्य कलाकार मंचावर दीड-दोन तास असतो, पण पुढची जागा हवी तर रांग दुपारीच धरावी लागते. रांग, तपासणी, आधीचे कलाकार, मुख्य कार्यक्रम आणि नंतर बाहेर पडण्याची गर्दी मिळून पाच-सहा तास सहज जातात. ज्याची टाच सकाळी उठल्यावर ठणकते, त्याला चौथ्या गाण्याला मागे जाऊन कुंपणाजवळ बसावं लागतं, आणि तिकिटाचे काही हजार रुपये तिथेच फिटतात.

हे टाळता येतं. त्यासाठी महागडा बूटच लागतो असंही नाही. दुखणं नेमकं कुठे आहे ते ओळखायचं, त्यानुसार पायताण निवडायचं, आणि हे काम कार्यक्रमाच्या दोन-तीन आठवडे आधी करायचं.

उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त का थकवतं?

दिवसभर शेतात किंवा बाजारात फिरणारा माणूस बँकेच्या रांगेत अर्ध्या तासात वैतागतो, याला शरीरशास्त्राचा आधार आहे. चालताना पोटरीचे स्नायू आकसतात आणि सैल होतात. प्रत्येक पावलाला ते पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. म्हणूनच पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात. माणूस एका जागी उभा राहिला की हा पंप जवळजवळ बंद पडतो. रक्त आणि द्रव खाली साचतो, पाय भरून येतात, घोट्याभोवती मोज्याचा वळ उमटतो.

दुसरा भाग भाराचा. चालताना वजन टाचेकडून चवड्याकडे आणि एका पायावरून दुसऱ्यावर सरकत राहतं. स्थिर उभं असताना ते त्याच जागांवर तासन्तास बसतं. सपाट जमिनीवर अनवाणी उभं असताना निम्म्याहून जास्त भार टाचांवर असतो. उंच टाचेची सँडल घातली की तो पुढे चवड्यावर आणि बोटांच्या मुळांवर जातो. पावलात २६ हाडं असतात, त्यांना बांधणारे स्नायू आणि दोऱ्या या सगळ्या वेळात ताणलेल्याच राहतात.

यातून एक गोष्ट निघते, जी दुकानात कोणी सांगत नाही. चालताना छान वाटणारा बूट उभं राहायला छान असेलच असं नाही. दुकानात चार पावलं चालून "मऊ आहे" म्हणत घेतलेला बूट तिसऱ्या तासाला पायाखालून बसलेला असतो. मेमरी फोमच्या अगदी लोण्यासारख्या गाद्यांचं बहुतेक वेळा असंच होतं. पहिल्या स्पर्शाला सुख, पण वजनाखाली दबल्या की त्या लवकर उठत नाहीत आणि पाय जवळजवळ कडक तळावर येतो. उभं राहण्यासाठी हवा तो थोडा घट्ट, दाबल्यावर परत वर येणारा तळ.

आधी दुखतं कुठे ते बघा

"पाय दुखतात" या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते. एकाला आराम देणारा बूट दुसऱ्याला त्रास देऊ शकतो, म्हणून "माझ्या मित्राला हा फार चालला" या शिफारशीचा उपयोग मर्यादित आहे.

टाच दुखत असेल आणि सकाळी अंथरुणातून उतरल्यावरची पहिली पावलं सर्वात त्रासाची असतील, तर बहुधा तळव्याखालच्या जाड पट्ट्याला सूज किंवा झीज आहे. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशायटिस म्हणतात. हा पट्टा टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जातो आणि पावलाची कमान धरून ठेवतो. अशा पायाला पूर्ण सपाट चप्पल नको. टाच चवड्यापेक्षा थोडी उंच, साधारण एक सेंटीमीटरने, असली तर पट्ट्यावरचा ताण कमी होतो. बुटाची मागची भिंत घट्ट हवी आणि कमानीखाली आधार हवा. मेडिकलच्या दुकानात मिळणारी सिलिकॉनची टाचेची गादी इथे कामाची आहे. ती मात्र दोन्ही बुटांत घालायची, एका पायाचीच टाच दुखत असली तरी. नाहीतर एक पाय उंच होतो आणि रात्री कंबर बोलू लागते.

चवडा दुखत असेल, म्हणजे बोटांच्या मुळाशी खडा रुतल्यासारखं वाटत असेल, तर उलट करायचं. टाचेची उंची कमी, पुढचा भाग रुंद, तळ पुढे जाड आणि किंचित वर वळलेला. चवड्यासाठी छोटी उशीसारखी पट्टी मिळते. ती दुखऱ्या जागेच्या खाली न लावता थोडी मागे, कमानीच्या बाजूला लावायची असते. दुखतं तिथेच लावली की दाब वाढतो. ही चूक फार जण करतात आणि मग पट्टीलाच नावं ठेवतात.

अंगठ्याच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला हाड पुढे आलं असेल किंवा करंगळीवर कुरूप असेल, तर तळापेक्षा वरचं कापड महत्त्वाचं. चामड्याचा कडक बूट तिथे घासतो. जाळीदार, ताणलं जाणारं कापड आणि दुखऱ्या जागेवरून शिवण न जाणारा बूट हवा.

पाऊल सपाट असेल, ओला पाय फरशीवर ठेवल्यावर जवळजवळ पूर्ण ठसा उमटत असेल आणि संध्याकाळी घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल, तर मऊपणापेक्षा कणखरपणा बघायचा. बूट दोन हातांत धरून ओला कपडा पिळतात तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर तो असल्या पायासाठी नाही. वाकवल्यावर तो बोटांच्या रेषेत वाकायला हवा, मधोमध नाही.

आणि फक्त पोटऱ्या भरून येत असतील, गोळे येत असतील, तर दोष बहुधा बुटात नसून न हलण्यात आहे. त्याचा उपाय पुढे येतो.

घरात आहे त्यातलं काय चालेल?

नवीन घेण्याआधी घरातल्या चपलांच्या रॅककडे बघायला हरकत नाही. वापरून मुरलेला स्पोर्ट्स शू हा बहुतेकांसाठी सगळ्यात सुरक्षित पर्याय असतो, फक्त तो फार जुना नको. धावण्याच्या बुटाचा फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर मेलेला असतो असं मानतात. कोण मोजत बसणार? सोपी खूण म्हणजे बूट टेबलावर ठेवून मागून बघायचा. एका बाजूला कलला असेल, तळाच्या बाजूला बारीक सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील, तर तो शेतात जायला ठेवावा.

कोल्हापुरी चप्पल कुर्त्यावर शोभते, प्रश्नच नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधल्या शोमुळे ती जगभर चर्चेत आली. पण तिचा तळ चामड्याच्या थरांचा, सपाट आणि कडक असतो. ती उष्ण हवेत, मातीच्या वाटेवर चालण्यासाठी घडलेली आहे. ज्यांचे पाय निरोगी आहेत आणि ज्यांना तिची सवय आहे ते तिच्यात निभावून नेतील. दुखऱ्या टाचेला ती सहा तास देणं म्हणजे छळ. शिवाय गर्दीत बोटं उघडी राहतात.

रबरी स्लीपर आणि अंगठ्याच्या चपलांची वेगळीच गंमत आहे. त्या पायातून निसटू नयेत म्हणून बोटं नकळत त्यांना पकडून धरतात. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की अशा चपला घातल्यावर माणसाची पावलं स्पोर्ट्स शूजपेक्षा आखूड पडतात. कार्यक्रम संपल्यावर नडगीच्या पुढच्या बाजूला जे दुखतं, त्यात या पकडण्याचा वाटा असतो. गर्दीच्या रेट्यात चप्पल निघाली तर वाकून शोधणं धोक्याचं, हे वेगळंच.

पातळ तळाचे कॅनव्हास शूज फोटोत सुरेख दिसतात. तळ सपाट आणि कमानीला आधार नाही, म्हणून टाचदुखीवाल्यांनी आत वेगळा इनसोल टाकल्याशिवाय ते घालू नयेत. फोमचे भोकाभोकाचे क्लॉग हलके आणि रुंद असतात, कुरूप किंवा अंगठ्याचं हाड दुखणाऱ्यांना ते आवडतात. पण मागचा पट्टा पायाला घट्ट धरत नाही, त्यामुळे उडी मारायची असेल तर नको. हिल्सबद्दल वर आलंच आहे. घालायच्याच असतील तर ब्लॉक हिल, आणि पिशवीत दुसरं काही.

खरेदी करायचीच असेल तर

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभरात पाय किंचित फुगतो आणि कार्यक्रमही संध्याकाळीच असतो. सकाळी बरोब्बर बसलेला बूट रात्री आठला चावतो. कार्यक्रमाला घालणार तेच मोजे घालून जा. दोन्ही पाय मोजा, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, आणि मोठ्या पायाचं माप घ्या. उभं राहिल्यावर सर्वात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरायला हवी.

आपल्याकडे रुंदीचा प्रश्न जास्त आहे, त्यालाही कारण आहे. भारतात बूट युरोपीय मापांवर विकले जातात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. भारतीयांची पावलं युरोपीय आणि अमेरिकी लोकांपेक्षा रुंद असल्याचं त्यातून पुढे आलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती प्रस्तावित झाली. सध्या होतं असं की रुंदी मिळावी म्हणून लोक एक नंबर लांब बूट घेतात, मग पाय आत पुढे-मागे सरकतो आणि टाचेला फोड येतो. काही कंपन्या रुंद पायासाठी वेगळी मापं देतात. ती विचारून घ्यावीत. ऑनलाइन मागवताना परत करण्याची मुदत बघावी आणि पहिले दोन दिवस घरातच, स्वच्छ फरशीवर घालून बघावं.

दुकानातली खरी परीक्षा म्हणजे उभं राहणं. दोन्ही बूट घालून, लेस बांधून, दहा मिनिटं एका जागी उभं राहायचं. दुकानदार चहा विचारेल, नाहीतर वैतागेल. दोन्ही चालेल. दहा मिनिटांत कुठेही टोचलं तर सहा तासांत तिथे जखम होईल. "वापरून सैल होईल" हे वाक्य चामड्याच्या बाबतीत थोडं खरं आहे, रेक्झिन आणि कृत्रिम कापडाच्या बाबतीत फारसं नाही.

नवा बूट आणला की कार्यक्रमापर्यंत त्यात किमान दहा-बारा दिवस वावरायला हवं. आधी तास-दोन तास, मग अर्धा दिवस. कोरा बूट थेट कार्यक्रमाला घालणं ही या सगळ्यातली सर्वात महागडी चूक.

मोजे, लेस आणि कागदी पट्टी

सुती मोजे घाम पितात आणि ओलेच राहतात. ओली कातडी लवकर सोलवटते. नायलॉन किंवा पॉलिस्टर मिसळलेले, टाचेला जाड असलेले खेळाचे मोजे बरे.

पाय सुजण्याची सवय असेल तर गुडघ्यापर्यंतचे हलके दाबमोजे, ज्यांवर १५-२० एमएमएचजी लिहिलेलं असतं, लांबच्या प्रवासात आणि उभं राहताना उपयोगी पडतात. पण ज्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, बराच काळ मधुमेह किंवा धूम्रपान आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत. आधीच कमी असलेला रक्तपुरवठा त्याने आणखी कमी होऊ शकतो.

लेसकडे कोणी लक्ष देत नाही. बुटाच्या सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जास्तीचं छिद्र असतं. लेस त्याच बाजूच्या त्या छिद्रात घालून छोटा फास करायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओवायची आणि मग गाठ मारायची. टाच बुटात पक्की बसते, घासत नाही. पावलाचा वरचा भाग उंच असेल आणि तिथे दाब येत असेल तर मधली एक छिद्रांची जोडी सोडून लेस ओवली की हायसं वाटतं.

फोड येणाऱ्या जागा प्रत्येकाला आपल्या माहीत असतात. तिथे घरातून निघतानाच औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी, आपल्याकडे मायक्रोपोर म्हणून मागतात ती, लावावी. स्टॅनफर्डचे डॉ. ग्रँट लिपमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे २५० किलोमीटरच्या शर्यतीतल्या धावपटूंच्या पायांना ही साधी पट्टी लावली होती. पट्टी लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी दिसलं. इतक्या स्वस्त वस्तूकडून आणखी काय हवं?

मधुमेह असेल तर हा भाग नक्की वाचा

भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आला. यातल्या अनेकांच्या पायांची संवेदना हळूहळू कमी होते. त्यांच्या बाबतीत वरचा सगळा सल्ला एका जागी फसतो. तो सल्ला "टोचलं तर कळेल" या गृहीतकावर उभा आहे. बधिर पायाला चुकीचा बूटही आरामदायक वाटतो. रात्री मोजा काढल्यावर रक्त दिसतं, आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही.

घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी ब्रिटनमध्ये विकसित झाली आहे. माणसाने डोळे मिटून झोपायचं. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना बोटाने अगदी हलका, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांना दाखवायचं. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल तर कॉन्सर्ट असो नसो, हे करून बघण्यासारखं आहे.

अशा पायांसाठी एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची पायताणं मिळतात. त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे. कुष्ठरोगातही पाय बधिर होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या रुग्णांच्या पायाच्या जखमा पुन्हा पुन्हा लागणाऱ्या दाबामुळे होतात, आणि योग्य पायताणाने त्या टाळता येतात. अमरावतीचं तपोवन आणि वरोऱ्याचं आनंदवन यांच्यामुळे कुष्ठरोगाचं काम विदर्भाच्या ओळखीचं आहे. सरकारच्या कुष्ठरोग कार्यक्रमातही एमसीआर पायताणं दिली जातात. आता तीच मधुमेहींना सुचवली जातात. दिसायला ती साधी असतात, पण मागे पट्टा असलेली, पुढून बंद असलेलीही मिळतात. संवेदना कमी असलेल्या माणसाने गर्दीत उघड्या बोटांनी उभं राहू नये. खरं तर त्याने खुर्चीचंच तिकीट काढावं.

नेर ते नेरूळ

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरहून, म्हणजे नेर परसोपंतहून, मुंबईच्या कार्यक्रमाला निघालेल्या माणसाचा दिवस पुणेकराच्या किंवा ठाणेकराच्या दिवसासारखा नसतो. गावाला रेल्वे नाही. एसटीने बडनेरा, तिथून रात्रभराची मुंबईची गाडी, सीएसएमटीला उतरून हार्बर लाइनने नेरूळ. कार्यक्रमाचं पहिलं गाणं वाजण्याआधीच पाय कित्येक तास खाली लोंबकळत राहिलेले असतात. म्हणजे उभं राहायच्या आधीच ते सुजलेले असतात.

म्हणून प्रवासात कार्यक्रमाचा बूट घालू नये. गाडीत सैल चप्पल किंवा सँडल, बर्थवर पाय किंचित उंच, आणि तासा-दोन तासांनी डब्यात एक फेरी. बसमध्ये फेरी शक्य नसते, तिथे टाच उचलून-टेकवून पोटरी हलवत राहावी. मुंबईत पोहोचल्यावर शक्य असेल तर दोन तास आडवं व्हावं, पाय थंड पाण्याने धुऊन पुसून मगच मोजे आणि बूट. बुटाची लेस त्या वेळी सैल बांधावी आणि रांगेत गरजेप्रमाणे आवळावी.

नेरच्या लोकांना रात्रभर उभं राहण्याची सवयच नाही असं मात्र नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव बघायला दरवर्षी आजूबाजूच्या गावांतून लोक येतात, एका मंडळातून दुसऱ्या मंडळात फिरत रात्री जागवतात. अनेक जण नवरात्रात अनवाणी राहतात. मग तिथे पाय का तगतात? तिथे माणूस चालतो, थांबतो, ओट्यावर टेकतो, चहा घेतो. कॉन्सर्टच्या पुढच्या रांगेत यातलं काहीच करता येत नाही. ज्यांचे पाय आधीच कुरकुरतात त्यांनी या सवयीवर विसंबू नये. बूट निवडल्यावर नवरात्रातल्या किंवा गणपतीतल्या एखाद्या रात्री त्याची रंगीत तालीम मात्र जरूर घ्यावी.

मैदानावर

स्टेडियममध्ये गवत वाचवण्यासाठी सहसा त्यावर कडक फरशा अंथरतात, म्हणजे उभं राहायची जमीन जवळजवळ काँक्रीटसारखी होते. इथे जाड तळ हवा. रेसकोर्ससारख्या मोकळ्या मैदानात गवत आणि धूळ असते, एका मंचावरून दुसऱ्यावर जायला बरंच चालावं लागतं. तिथे पकड आणि हलकेपणा जास्त कामाचा. पावसाची शक्यता असेल तर चामड्याचा तळ अजिबात नको, ओल्यावर घसरतो.

उभं राहायची जागा ठरवताना थोडा हिशेब करावा. अगदी पुढे कठड्याला टेकता येतं, पण बाहेर पडता येत नाही. मधोमध सगळ्यात वाईट, टेकायला काही नाही आणि हलायलाही जागा नाही. दुखऱ्या पायांसाठी बाजूची किंवा मागची जागा बरी, जिथून दोन गाण्यांमध्ये बाहेर जाऊन बसता येईल.

गुडघे ताठ करून उभं राहू नका. किंचित सैल ठेवा. एक गाणं डाव्या पायावर, एक उजव्यावर. दर गाण्याला पंधरा-वीस वेळा टाचा उचला, पोटरीचा पंप चालू होतो. गोळे येणाऱ्यांना बुटापेक्षा याचाच उपयोग होतो. नाचणं हा खरं तर उत्तम उपाय आहे आणि तो तिकिटात समाविष्ट असतो. उकाड्यात पाणी पीत राहा. ताठ गुडघे, पाण्याची कमतरता आणि उकाडा एकत्र आले की भोवळ येऊन पडणारी माणसं प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात दिसतात.

आधीच वेदनाशामक गोळी घेऊन जाण्याचा मोह होतो. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी, कमी पाणी प्यायलेल्या अवस्थेत पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडू शकतात. शिवाय वेदना दबली की पाय किती बिघडतोय ते कळत नाही. गोळी घ्यायचीच असेल तर ती आपल्या डॉक्टरांना विचारून.

फोल्डिंग स्टूल, मोठ्या बॅगा सहसा आत नेऊ देत नाहीत. जास्तीचे मोजे, कागदी पट्टी आणि घडी होणारी पातळ चप्पल छोट्या पिशवीत मावते. कार्यक्रम संपल्यावर स्टेशनपर्यंतच्या चालीत ती चप्पल बुटापेक्षा मोलाची वाटते. चालण्याचा किंवा उभं राहण्याचा कायमचा त्रास असेल तर तिकीट काढण्याआधीच आयोजकांना लिहून बसण्याच्या किंवा अपंगांसाठीच्या जागेची चौकशी करावी. कार्यक्रमाच्या दिवशी गेटवर विनंती करून ही सोय होईलच असं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी

परतल्यावर पाय उशीवर, हृदयापेक्षा उंच, वीस मिनिटं. टाच दुखत असेल तर पाण्याची बाटली गोठवून तिच्यावर तळवा मागे-पुढे फिरवावा, मधुमेह नसेल तरच. बधिर पायाला बर्फाने इजा झालेली कळत नाही. तळव्याचं दुखणं एक-दोन दिवसांत उतरायला हवं.

काही लक्षणं थांबून बघण्याची नाहीत. एकाच पोटरीला सूज, दुखणं आणि ऊब असेल, विशेषतः रात्रभराच्या प्रवासानंतर, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक तासही न दवडता दवाखाना गाठावा. पावलावर भार टाकताच एका ठरावीक हाडावर कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. अंगठ्याचा सांधा अचानक लाल, गरम आणि हात लावू न देणारा झाला तर तो वातरक्ताचा झटका असू शकतो, त्यावर बूट बदलून काही होणार नाही. मधुमेही माणसाच्या पायावरची कोणतीही जखम, अगदी बुटाने आलेला एवढासा फोडही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.